फ्रेंच कशाला शिकायची

झेरॉक्सच्या दुकानात तिच्या पुढे उभा असलेला माणूस यंत्राचं झाकण खाली पडू देत नव्हता. दुकानदार झाकण दाबायला गेला की हा मध्ये हात घाली. काचेवर कडा झडलेला एक पिवळा कागद पालथा ठेवलेला होता आणि झाकण वर धरूनच त्याची प्रत काढायची, असा त्याचा हट्ट होता. पहिली प्रत काळी आली, दुसरी तिरकी. तिलकवतीच्या हातात दोनच पानं होती आणि शाळेची मधली सुट्टी संपायला सात मिनिटं उरली होती.

“बाळाला झोपवताय का?” तिनं विचारलं.

“त्याहून जपावं लागतं,” तो मागे न बघता म्हणाला. “बाळ पडलं तर रडतं तरी. याचा भुगा होतो.” मग त्यानं वळून पाहिलं, तिच्या हातातली पानं पाहिली आणि मुकाट्यानं बाजूला झाला. तिच्या प्रती निघेपर्यंत तो त्या कागदावर पंख्याचा वारा येऊ नये म्हणून अंगाचा आडोसा करून उभा राहिला. दाढी दोन दिवसांची, खिशाला शाईचा डाग. तिनं उगाचच लक्षात ठेवलं.

तोच माणूस संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गात तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसला. तिला पाहून त्यानं मान हलवली, जणू झाकण अजून त्याच्याच हातात होतं.

शिकवायला मादाम रेजिना होत्या. साठीच्या, काटक, कांजीवरम नेसणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या पुस्तक उघडायला लावत नसत. प्रत्येकानं उठून आपण फ्रेंच कशाला शिकतोय ते तमिळमध्ये सांगायचं आणि खरं सांगायचं. तिसऱ्या आठवड्यात क्रियापदांनी जीव नकोसा केला की त्या ते कारण ज्याचं त्याला ऐकवत. एकाला कॅनडाला जायचं होतं. तीन नव्या नवऱ्यांच्या तीन नव्या बायका पॅरिसजवळच्या कुठल्या कुठल्या उपनगरांत जायला निघाल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना फोनवर नातवाशी बोलायचं होतं; नातू तमिळ विसरला होता.

शेजारचा माणूस उठला. नाव पुगळेंदी. कारण — जुने दस्त वाचायला. पाँडिचेरीतल्या अर्ध्या घरांची मूळ खरेदीखतं नि मृत्युपत्रं फ्रेंचमध्ये, तीही हातानं लिहिलेली. कोर्टामागच्या गल्लीत पिळ्ळै अय्या ती वाचून भाषांतर करून देतात; हा त्यांच्या हाताखाली काम करतो. अय्या एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. “त्यांच्यामागे कोणीतरी हवं,” एवढं म्हणून तो खाली बसला.

तिलकवतीनं सांगितलं की ती शाळेत गणित शिकवते आणि आणखी एक भाषा आली तर बढतीला उपयोग होतो. मादामनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

खरं कारण निराळं होतं. तिचे वडील कदिरवेलू वीस वर्षं फ्रेंच फौजेत होते. फेब्रुवारीत ते गेले. चौदा जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, समुद्राकाठच्या स्मारकापाशी त्यांच्या जुन्या सोबत्यांची मंडळी जमते आणि त्या वर्षी गेलेल्या प्रत्येकाच्या घरचं एक माणूस पुढे येऊन त्याचं नाव, पलटण, कुठं कुठं चाकरी केली ते फ्रेंचमधून वाचतं. घरात कोणी वाचणारं नसेल तर त्या मंडळींचे चिटणीस वाचतात. तिलकवतीला चिटणिसांनी वाचलेलं नको होतं.

बाप फ्रेंच फौजेतला, लेकीला फ्रेंच येत नाही, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण त्या घराची रीत तशी होती. अम्माला ती भाषा कळत नव्हती, आणि घरातल्या एका माणसाला दाराबाहेर ठेवून बोलायचं नाही, असं कदिरवेलू म्हणत. फ्रेंच त्यांनी झाडांखालच्या मैदानात ठेवली होती. तिथं सोबत्यांबरोबर लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ चाले. तिलकवती त्यांना आणायला जाई तेव्हा स्कूटर बंद करून लांबूनच ऐकत राही. त्या भाषेत ते जास्त हसत.

खरं कारण न सांगण्यालाही कारण होतं. बापाच्या मागोमाग तीही कागदोपत्री फ्रेंच होती. पाँडिचेरीत अशा मुलीचं लग्न ठरवायला मुलाकडचे लोक धावत येतात आणि हुंडा उलट दिशेनं वाहतो. तिच्या बाविसाव्या वर्षापासून स्थळं येत होती. एका मुलाच्या आईनं तर पत्रिकेआधी पासपोर्टच्या मुदतीची चौकशी केली. “तुला बघायला आलेत की तुझ्या त्या लाल पुस्तकाला?” असं वडील ते लोक जिना उतरेपर्यंतही न थांबता विचारत. ती आता एकोणतीस वर्षांची होती आणि नव्या माणसापुढे त्या पुस्तकाचं नाव काढत नव्हती.

वर्ग संपला की ती दोघं समुद्रावरच्या रस्त्यानं चालू लागली. पहिल्यांदा ते तिची स्कूटर त्या बाजूला लावलेली म्हणून. पुढे ती स्कूटर मुद्दाम लांब लावू लागली. वाटाण्याचं सुंडल एका कागदात घेत आणि बांधावर बसून आळीपाळीनं खात. खारा वारा तिचे केस त्याच्या खांद्यापर्यंत नेई आणि तो तिथून मुळीच हलत नसे.

पुगळेंदीची फ्रेंच अजब होती. त्याला ‘सामायिक विहीर’ येत होतं, ‘अज्ञान वारस’, ‘पडकी भिंत’ येत होतं. ‘चमचा’ येत नव्हतं. वर्गात मादामनी चहा मागायला सांगितला तेव्हा त्यानं तो असा मागितला, की बँकेचे गृहस्थ म्हणाले, साक्षीदार म्हणून सही करायला मी तयार आहे.

“माझ्याबद्दल एक वाक्य सांग बघू,” एकदा तिलकवती म्हणाली. तोवर ती दोघं ‘तू’वर आली होती.

त्यानं डोळे किलकिले केले. “पूर्वेस समुद्र. पश्चिमेस एक स्कूटर, जुनी. उत्तरेस सुंडलवाला. या चतुःसीमेच्या आत एक गणिताच्या बाई, वहिवाटीच्या हक्कासह.”

“दक्षिणेस?”

“दक्षिणेस…” तो स्वतःकडे पाहून म्हणाला, “सध्या वादग्रस्त.”

ती हसली आणि मग घरी जाईपर्यंत अधूनमधून हसत राहिली. वडील गेल्यापासून असं झालं नव्हतं. तिला त्याची थोडी लाजही वाटली.

घरी मावशीला सुगावा लागला. मावशी अम्माची धाकटी बहीण, डोळ्यात तेल घालून बसलेली. तिशीतला पुरुष पोट भरलेलं असताना क्रियापदं घोकतो म्हणजे त्याला विमानात बसायचं असतं, असं तिचं म्हणणं. तिलकवतीनं सांगितलं, की त्याला काहीच ठाऊक नाही. “या गावात?” मावशी एवढंच म्हणाली आणि शेंगा निवडू लागली.

जुलै लागला. वाचायच्या दहा ओळी तिनं वडिलांच्या फौजेतल्या दाखल्यावरून उतरवल्या होत्या. पण कारकुनाचं अक्षर लागत नव्हतं आणि एका जागेचं नाव अडलं होतं. तिनं दाखला वर्गानंतर बांधावर आणला, वरचा नावाचा भाग मागे दुमडून. एका ओळखीच्या काकांचा आहे, असं सांगितलं. पुगळेंदीनं कागद दिव्याकडे तिरका धरला आणि फार वेळ न लावता म्हणाला, “जिबूती.” मग हळूच, “तीन वर्षं. बाबांना तिथलं ऊन सोसलं नसेल.”

लाट येऊन खडकावर फुटली.

“मी काका म्हटलं होतं,” ती म्हणाली.

त्यानं कागद दिव्यापासून बाजूला घेतला.

“केव्हापासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून. वर्गात तुझं पूर्ण नाव ऐकलं तेव्हा.” त्यानं कागद परत घडी करून दिला. “मार्चमध्ये तुमचा वारसाचा कागद अय्यांकडे आला होता. भाषांतर मीच केलं. पत्नी एक, मुलगी एक, राष्ट्रीयत्व —”

“आणि इतके आठवडे बोलला नाहीत.”

‘बोलला नाहीत’ त्याला लागलं, ते दिसलं. “तूही बोलली नाहीस.”

“मी का बोलले नाही ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही का नाही, ते मला कळत नाही.”

“बोललो असतो तर त्याच दिवशी बाक बदललं असतंस.”

“ते आता बदलते,” ती म्हणाली आणि स्कूटरपर्यंतचं लांब अंतर एकटी चालत गेली.

तिनं बाक खरंच बदललं. आता ती तीन नव्या बायकांमध्ये बसे. त्यांना व्हिसा, स्वेटर आणि सासू यांपलीकडे विषय नव्हता. तो मागच्या रांगेत गेला. ती चिडली होती, आणि चिडण्याच्या खाली एक साधा हिशेबी प्रश्न होता, ज्याचं उत्तर तिला वर्षानुवर्षं कोणाकडून मिळालं नव्हतं : पुस्तक वजा केलं, तर काय उरतं? पूर्वी उत्तर काहीही आलं तरी तिचं काही अडत नव्हतं. या वेळी अडत होतं.

चौदा जुलैला सकाळी स्मारकापाशी म्हातारे सोबती पदकं लावून ओळीत उभे राहिले. तिलकवतीच्या आधी दोघांची नावं चिटणिसांनी वाचली. मग ती पुढे गेली. कदिरवेलू, अमुक पलटण, अमुक क्रमांक… जिबूतीपाशी अडखळली नाही. आपल्या तोंडून वडिलांचा मैदानातला आवाज निघतोय असं तिला क्षणभर वाटलं आणि ओळी संपल्या. ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. अम्माला एक शब्दही कळला नव्हता. ती ताठ उभी होती. रस्त्याच्या पलीकडे पुगळेंदी होता. तिनं पाहिलं तेव्हा त्यानं हात वर केला नाही. गर्दी फुटायच्या आत तो निघून गेला.

दोन दिवसांनी अम्माला आठवलं, की वारसाच्या कागदाची मूळ प्रत पिळ्ळै अय्यांकडेच राहिलीय आणि ती घरच्या माणसानं सही करून आणायची आहे. मावशी जायला तयार होती. तिलकवतीनं चप्पल घातली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून बारा कपाटं. अय्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. पुगळेंदीसमोर एक ऐंशीच्या घरातली विधवा बसली होती, मागे तिचा दीर. सासऱ्यांच्या १९६४च्या मृत्युपत्रात हिचं काही नाही, घर रिकामं करावं, असं दिराचं म्हणणं. पुगळेंदीनं खूण करून तिलकवतीला बसायला सांगितलं आणि वाचू लागला. आधी फ्रेंच, मग तमिळ. धाकट्या सुनेला मागच्या दोन खोल्या, चूल आणि विहिरीचं पाणी, हयात असेपर्यंत. कोणी अडवू नये. एका शब्दाला अय्यांनी डोळे न उघडता दुरुस्ती सांगितली. दीर उठून बाहेर गेला.

म्हातारी हलली नाही. पुन्हा वाच म्हणाली. तो तमिळमधून वाचू लागला, तशी तिनं मान हलवली. तसं नको, मामंजींनी जसं सांगितलं तसं वाच. तिला त्यातलं काही कळणार नव्हतं. पुगळेंदीनं कागद सरळ केला आणि सगळा मजकूर पुन्हा फ्रेंचमधून वाचला, घाई न करता, शेवटच्या सहीपर्यंत. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठली.

ती गेल्यावर त्यानं तिलकवतीपुढे नोंदवही सरकवली. तिनं सही केली नाही.

“एक विचारते,” ती म्हणाली. “तुला उद्या तो पासपोर्ट मिळाला, तर कुठं जाशील?”

“कुठं म्हणजे?” त्यानं कपाटांकडे पाहिलं. “तिकडे जाऊन मी काय करू? हे कागद माझ्याकडे वाचायला कोण आणणार? तिथं तर दूधवाल्यालाही फ्रेंच येते.”

तो हे गंमत म्हणून बोलला नव्हता. त्याचा चेहरा दस्त वाचतानाचाच होता. तिलकवती त्या बारा कपाटांकडे पाहत राहिली. एकेक कागद भुगा व्हायला टेकलेला, आणि या कागदांच्या गावाबाहेर या माणसाच्या फ्रेंचला चहासुद्धा धड मिळाला नसता. वर्गातला प्रत्येक जण निघून जायला शिकत होता. हा एकटाच राहायला शिकत होता.

“सांगायला हवं होतं मी,” तो म्हणाला. “भीती वाटली… तू उठून जाशील याची.”

“गेलेच होते.” तिनं पेन उचललं. “मीही कुठं जाणार नाहीये. अम्मा आहे, दहावीचा वर्ग आहे. तेवढ्यासाठी मला माणूस इथलाच हवा आहे.”

“हे…” त्यानं घसा साफ केला, “हे तू मला सांगतेयस, की विचारतेयस?”

“विचारतेय.”

आरामखुर्चीतून अय्यांचा आवाज आला, “पोरी, बसून घे. प्रत्येक शब्द दोनदा तपासल्याशिवाय हा सही करत नाही.”

“हो,” पुगळेंदी म्हणाला.

“काय हो?” अय्यांनी एक डोळा उघडला.

“तुम्हाला नाही म्हटलं,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहून पुन्हा एकदा, हळू, “हो.”

तिनं सही केली. रविवारी दुपारी जेवायला ये म्हणाली. मावशीही असेल, तिला प्रश्न फार असतात. तो म्हणाला, असू देत. मग त्यानं मूळ प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली, दोरीनं बांधली आणि स्कूटरपर्यंत स्वतः घेऊन आला. कागदाचा भुगा होईल म्हणून नव्हे; अजून थोडं चालायचं होतं म्हणून.