लिफ्टवाल्याच्या फेऱ्या

“चालतात की! जुने गेमसुद्धा चालतात यावर.”

दुकानाच्या काउंटरवर मी टीव्हीला जोडायच्या मीडिया प्लेअरचा खोका उलटसुलट करत ‘जुने गेम चालतील का यावर?’ असं पुटपुटत होते, तेव्हा मागून आवाज आला. वळून पाहिलं, तर आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा! केसांवर पावसाचे थेंब... आणि चेहऱ्यावर नको तितकं हसू.

“तुम्हाला कोणी विचारलं?”

“कोणीच नाही. म्हणून तर फुकट सांगितलं.”

मी विमा कंपनीत दावे तपासते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे आधी संशयानेच बघते. पण आईच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि बोटांचा व्यायाम करायला ती काही केल्या तयार नव्हती. तरुणपणी ज्या गेममध्ये तिने मामाला सळो की पळो करून सोडलं होतं, तो पुन्हा चालू झाला तर मात्र खेळेन म्हणत होती. नाइलाजाने मी त्याला घरी बोलावलं.

आईने जपून ठेवलेल्या जुन्या कॅसेटमधला गेम त्याने एका छोट्या यंत्रातून उतरवून घेतला. प्लेअरवर इम्युलेटर टाकलं. म्हणजे त्या जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर. कंट्रोलरची बटणं लावून दिली. गेम अर्धवट बंद पडला तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू होईल, अशी सोयही केली. आई खूश. मी नाही. इतकं नेटकं काम आणि वर काहीच नको? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्याच संध्याकाळी आई फोनवर ओरडत होती, “अरे लिफ्टवाल्या, गेला बघ गेम!”

तो आला. खुडबुड केली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, “आता बघा...” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

“एका फेरीचं काम तुम्हाला इतक्या फेऱ्यांत का जमत नाही हो?”

“लिफ्टवाला आहे. वर-खाली करायची सवय.”

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. तो येणार असला की मी उगाच केस नीट करायला लागले होते. तो मला आवडायला लागला होता, आणि नेमका म्हणूनच माझा संशय वाढत चालला होता. खोटं बोलणाऱ्या माणसात मला जीव गुंतवायचा नव्हता.

एका संध्याकाळी मी गेमऐवजी आईच्या अंगठ्यांकडे बघत बसले. रंगात आली की ती मधली दोन्ही बटणं एकदम दाबायची — की गेम बंद! ज्या माणसाला बंद पडलेला खेळ राखून ठेवायचं सुचतं, त्याला एवढं दिसू नये?

तो आला तेव्हा मी दारातच विचारलं, “त्या दोन बटणांचं तुम्हाला माहीत होतं ना?”

त्याचे कान लाल झाले.

“...हो. पहिल्या तक्रारीपासून. एका मिनिटाचं काम होतं. पण मग — मी परत कशाला आलो असतो?”

“त्यासाठी माझ्या आईला रोज वैताग?”

“चुकलंच माझं,” तो खाली मान घालून म्हणाला. “तुम्ही आवडता मला. दुकानात डाफरलात तेव्हापासून. हे सरळ सांगायला हवं होतं... धीर नाही झाला.”

“आधी माझा गेम नीट कर,” आई सोफ्यावरून म्हणाली. “मग तुमचं काय ते बोला!”

दोन्ही बटणं एकदम दाबली की गेम बंद करायचं सेटिंग त्याने काढून टाकलं. आईने दोन्ही बटणं दणकून दाबली, तरी गेम चालूच. तो दाराशी आला, चपला घालण्यात उगाच वेळ काढू लागला.

“आता काही बिघडणार नाही,” तो पडेल आवाजात म्हणाला.

संशय खरा ठरला की मी प्रकरण तिथेच मिटवते. पण विचारल्यावर याने बहाणा केला नाही, सबब सांगितली नाही. आणि खरं सांगायचं तर, तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

“उद्या काहीच बिघडलेलं नसेल,” मी म्हटलं. “तरी या. मलाही तुम्ही आवडता... पण काही कारण नसताना कसे वागता, ते बघायचंय मला.”

“म्हणजे संशय अजून आहेच?”

“थोडासा.”

“मग रोजच यावं लागेल,” तो म्हणाला.