बेवड

ऋतुजा फडतरेने गादीवाफ्यात बोटं खुपसून आल्याचं बेणं उपसून काढलं. आल्याची लागण करून महिना होत आला होता, एव्हाना कोंब वर दिसायला हवे होते. बेणं कुजलेलं नव्हतं. घाण वास नव्हता, अळी नव्हती. पण हाताला ते कागदासारखं हलकं लागलं. मोडलं, तर आत पोकळ. सालीवर पांढऱ्या तंतूंचं बारीक जाळं.

तिने आणखी चार-पाच कंद उकरले. सगळे तसेच. माती मात्र बघत राहावी अशी, काळीभोर आणि भुसभुशीत. मूठभर उचलली की गांडूळ हमखास सापडायचं.

ही माती घडवली होती बियांच्या एका मिश्रणाने. ताग, चवळी, राजगिरा, सूर्यफूल एकत्र, दोन पिकांच्या मधल्या काळात बेवड म्हणून, म्हणजे जमिनीचा कस वाढवायला, पेरायचं आणि फुलावर येताच रानातच लोळवून कुजवायचं. बियांवर ‘सांधबुरशी’चा लेप असे. ही बुरशी सगळ्यांची मुळं एकमेकांना सांधायची. एकाकडचं पाणी, दुसऱ्याकडचं नत्र, ज्याला कमी त्याला पोचवायची. डॉ. नियाज मुजावर यांनी ती प्रयोगशाळेत तयार केली आणि गावात पहिल्यांदा ऋतुजाच्याच रानात पेरली. पहिली दोन वर्षं आल्याचा एकरी उतारा वाढतच गेला होता.

तिचा फोन जाताच मुजावर आले. बांधावर बसून त्यांनी खिशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली कंद धरला, मग दुसरा, मग तिसरा.

“सर, बोला की.”

“ताई, मिश्रणातली मुळं जगवायची, मेलेलं कुजवायचं आणि बाकीच्यांच्या वाटेला जायचं नाही, अशी मी हिची घडण केली होती. त्यातलं शेवटचं ती सोडून बसली आहे. मिश्रणात नाही ते तिच्या लेखी मेलेलंच.”

“मग औषध मारू.”

“मारून बघितलं. ती नुसती झोपते. पाणी मिळालं की पुन्हा उठते.”

“कुठं बघितलं?”

मुजावरांनी सूक्ष्मदर्शक खिशात टाकला. मग म्हणाले, “आमच्या प्रयोगाच्या प्रक्षेत्रावर. उन्हाळ्याच्या तोंडाला.”

“म्हणजे माझ्या लागणीच्या आधी!” ऋतुजाचा आवाज चढला. “एक फोन नाही केलात, सर?”

“वाटलं, तिथल्या मातीतच काही दोष असेल. तसंच असावं, असं फार वाटत होतं.”

तिला ओरडावंसं वाटलं, पण तिने वाकून मूठभर माती उचलली.

“माती तापवली तर?”

“खोलवर तापवावी लागेल. बुरशी मरेल. गांडुळंही मरतील, सगळंच मरेल. मग त्या मातीत काय उगवेल, मला सांगता येणार नाही.”

तेवढ्यात शेजारचे उत्तमअण्णा साबळे बांध ओलांडून आले. त्यांनी हे मिश्रण कधीच पेरलं नव्हतं. नवीन बियाण्याच्या भानगडीत ते पडत नसत.

“बरं झालं, साहेब आलेत,” ते म्हणाले. “जरा माझी हळद बघता का? चांगली उगवली होती. कालपासून माना टाकायला लागलीय.”

त्यांनी हातातलं रोप पुढे केलं. मुजावरांनी ते घेतलं नाही. ऋतुजाने घेतलं. मुळांभोवती तेच पांढरं जाळं होतं.

“अण्णा, तुमच्या पलीकडं कुणाचं रान?”

“जगतापांचं. त्याच्या पलीकडं वाघमोड्यांचं. मग खालच्या गावाचं शिवार लागतं.” अण्णांनी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “का गं? कुठवर जाणार आहे हे?”