ड्रायवरच्या दाराची काच

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये त्या रात्री लाइट गेले, आणि व्हरांड्यात बसल्या बसल्या घनश्याममामांनी ही हकीकत काढली. आधी माझ्याकडे पाहून घेतलं. "ही भेते. हिले आत पाठवा." मी गेले नाही. आत तर जास्तच अंधार होता.

टिकाराम हा मामांचा दोस्त. भंडाऱ्यात त्याचं काचेचं दुकान. जुन्या विलायती मोटारींच्या काचा नागपुरातही मिळत नसत. मग टिकाराम पुठ्ठ्याचा फर्मा काढायचा आणि त्या मापाने काच कापायचा. फर्मा मात्र कधी कोणाकडे ठेवायचा नाही. म्हणायचा, ज्याच्यापाशी फर्मा, तो पाहिजे तेवढ्या काचा करून घेते.

चार डिसेंबर एकोणीसशे त्र्याऐंशी. रविवार, अमावस्या. आंधळगावच्या श्यामराव व्यापाऱ्याच्या मोटारीला ड्रायवरच्या दाराची काच नव्हती. तेवढं माप घेऊन यायचं होतं. मामांना सुट्टी होती, तेही सोबत गेले. बस रखडली, पोचायला सात वाजले. श्यामरावने पाणीसुद्धा विचारलं नाही. "एवढा उशीर काहून केला? माप घ्या आन चालते व्हा."

मोटार गोठ्यामागे टिनाच्या शेडमध्ये होती. कामाची रीत अशी, की एकाने बाहेरून पुठ्ठा खिडकीवर दाबायचा आणि दुसऱ्याने आत बसून चौकटीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. टिकाराम आत बसला. डावा पंजा त्याने पुठ्ठ्यावर टेकवला. त्या हाताची करंगळी अर्धीच होती, वरची पेरं कधीतरी काचेनेच नेली होती. मामा बाहेरून दाबून उभे.

टॉर्च मंद झाला. टिकारामने मामांना घरातून कंदील आणायला पाठवलं. पुठ्ठा चौकटीत अडकून होता, पडण्यासारखा नव्हता.

थोड्या वेळाने तो बाहेरून पुन्हा दाबला गेला. चांगला घट्ट. टिकारामने रेघ पुरी केली.

"झालं. सोड आता."

पुठ्ठा सुटला नाही.

"घनश्याम, सोड ना बे."



मग पुठ्ठ्यापलीकडून त्याच्या पंजावर पंजा टेकला. बोटावर बोट. गार. करंगळीपाशी तो थांबला. अर्ध्या करंगळीला चाचपलं...

आणि पंजाच्या कडेकडेने काहीतरी फिरू लागलं. हळू. पुठ्ठा कापत.

हात निघेना.

टिकारामने समोरच्या काचेतून पाहिलं. लांब, घराच्या पायरीवरून कंदील आत्ता कुठे उतरत होता. मामांच्या हातात.

मामा पोचले तेव्हा शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. दार उघडेना. आतून नाही, बाहेरूनही नाही. पुठ्ठा आपोआप खाली पडला आणि टिकाराम खिडकीतून बाहेर कोसळला.

कंदील पुठ्ठ्यावर धरला. मधोमध आरपार पंजा कापलेला. करंगळी अर्धी. कड साफ, टिकारामच्याच चाकूने कापावी तशी. चाकू तर मोटारीत, त्याच्या पिशवीत.

कापलेला तुकडा... नव्हता.

टिकाराम गुडघ्यांवर रांगत शोधत राहिला. मोटारीखाली, गवतात, शेणात. "माह्या हाताचा फर्मा नेला, घनश्याम. तो मले पाहिजे." रडत होता, मामा म्हणाले.

श्यामराव काठी घेऊन आला. आणखी शोधू दिलं नाही. दोघांना फाटकाबाहेर घालवलं. स्वयंपाकाच्या गिरजाबाई मागोमाग आल्या आणि फाटकाआडून हळूच बोलल्या.

"हिरालाल याच मोटारीचा डायवर होता, भाऊ. मोटार तलावात गेली, दार उघडलंच नाही. काच फोडून काढला त्याले. हात... काचेलेच लागून होता."

टिकारामने ते काम सोडलं. पुन्हा आंधळगावात पाऊल टाकलं नाही. काच तुमसरच्या एका माणसाने बसवली.

वैशाखात मामा एका लग्नाला आंधळगावी गेले. सकाळी बस पकडताना टिकारामला दुकानात बसलेलं पाहूनच गेले होते. मांडवासमोर श्यामरावची मोटार उभी होती. गडी फडकं घेऊन ड्रायवरच्या दाराची काच पुसत होता. आतून पुसली. बाहेर येऊन पुसली. पुन्हा आत गेला...

  लाइट आले तरी कोणी उठलं नाही.

"पंजा होता," मामा म्हणाले. "निंघून नाही राहिला. करंगळी अर्धी."