कमलाबाईंचा सोलर पंप

शंकर नगरच्या आमच्या सरकारी ऑफिसात एक रीत होती. शेतात सोलर पंप बसला की जाऊन पाहायचं, पंपाशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि मग 'चालू' लिहून सही करायची. मार्चमध्येच ऊन फार तापलं. मी एकाच पंपाचा फोटो चौदा फायलींना लावला आणि पंख्याखाली बसून सह्या ठोकल्या. सांगायला लाज वाटते, पण केलं ते केलं.

मे महिन्यात, कुठला पंप किती चालतो ते दाखवणाऱ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यांतला एकच पंप चालू दिसला. भनपुरीच्या पुढे राहणाऱ्या कमलाबाईंचा. रोज अकरा ते तीन. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी स्वतः पाहायला गेलो.

पॅनल गोठ्यात होते, खोकेसुद्धा फोडलेले नव्हते. मोटर गोणपाटात गुंडाळलेली. बोअर केव्हाच आटलेला.

आणि वांग्यांचे वाफे ओले होते. कशालाच न जोडलेल्या पाइपातून पाणी येत होतं, चांगलं थंडगार.

"हव साहेब," कमलाबाई आपल्या बोलीत म्हणाल्या, "तुँहर दस्तखत के दिन ले आवत हे."

माझ्या सहीच्या दिवसापासून पाणी येतंय म्हणे. त्या वाकून पाया पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना त्यांनी पाइपातून आलेली एक पितळी वाटी दाखवली. काठाखाली नाव कोरलेलं होतं, सौ. सुशीला. माझ्या बायकोची नैवेद्याची वाटी. दिवाळीत ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरच्या विहिरीत पडली होती.

घरी येऊन विहिरीत बादली सोडली. खाली खडखडली. वर आली ती धूळ घेऊन.

सही रद्द केली तर कमलाबाईंची वांगी जळतील, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला माझ्या नोकरीची भीती होती. सही तशीच राहू दिली.

सोमवारी ऑफिसात कॉम्प्युटर उघडला. अकराच्या ठोक्याला उरलेले तेराही पंप चालू झाले.

विहीर तर आटली होती. मग पाणी कुठलं?

फोन वाजला. सुशीला होती. आवाज खरखरीत.

"अहो, अख्खा माठ पिऊन झाला. मले इतकी तहान काहून लागून राहिली?"

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पंप तीनपर्यंत चालतात.