फुग्याचं उलटं गणित

धप्प!

मेंढ्या चौफेर उधळल्या. मी पाण्याच्या टाकीवरून खाली उडी मारली आणि बघतच राहिले. कुरणात नारिंगी हवाई छत्रीखाली थर्माकोलचा एक डबा पडला होता, आणि डब्यातून निघालेल्या काठीच्या टोकावर... हिरवा प्लास्टिकचा डायनासोर!

तेवढ्यात धुरळा उडवत एक खटारा गाडी फाटकाशी थांबली. विस्कटलेल्या केसांचा एक उंच तरुण धावत आला.

"माफ करा... तो डायनासोर माझा आहे."

"या वयात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "भाचीचा. आत्ताच तीस किलोमीटर उंच जाऊन आलाय. घरीच जुळवलेला फुगा... वर गेला की तो फुटतो, मग डबा छत्रीने खाली—"

"माझ्या मेंढ्यांच्या डोक्यात."

"वाऱ्याने आणला," तो म्हणाला. आणि हसला.

त्याचं नाव फर्गस. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच आला होता. त्याने डब्यातल्या कॅमेऱ्याचे फोटो दाखवले. काळंभोर आकाश, खाली पृथ्वीची निळी कड, आणि मधोमध डायनासोर, राजासारखा ऐटीत. त्या एवढ्याशा पडद्यावर आम्ही दोघं वाकलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तो बाजूला झाला नाही... मीही नाही.

पुढच्या महिन्यात डबा पुन्हा आमच्याच कुरणात. या वेळी वर जाऊन आला होता चिनीमातीचा कूकाबरा पक्षी.

"पुन्हा वारा?"

"पुन्हा वारा."

बाबांनी त्याला जेवायलाच बसवलं. तो गेल्यावर ते म्हणाले, "टेगन, या पोराचा वारा फार आज्ञाधारक दिसतो गं!"

मला काही उमजेना. हा येतो कशासाठी, डब्यासाठी की...? ना फोन, ना निरोप. नुसता आभाळातून टपकायचा. आणि मी? कुंपण नीट करायचं सोडून सारखी वर का बघत होते?

सप्टेंबरात, आमच्याकडच्या वसंतात, कॅनोलाचं मोहरीसारखं पिवळं पीक फुललं. एका शनिवारी बाबांनी विचारलं, "मेंढ्यांत निळा ड्रेस घालून?" का घातला, ते मलाच ठाऊक नव्हतं. दुपारी छत्री दिसली. डोक्यावर आली... आणि थांबलीच नाही! तरंगत तरंगत थेट शेजारच्या मिसेस पेनरोजच्या पिवळ्या शेतात गेली.

मला असा राग आला! कुणाचा, देव जाणे. मी कुंपणावरून उडी मारली. ड्रेस टर्रकन फाटला. फर्गस तिथे आधीच पोचला होता. छातीभर फुलांत, पडेल चेहऱ्याने.

"इथे का पाडलास?"

"मी नाही... वारा—"

"दोनदा नेमका माझ्याकडे, आणि आज सत्तरीच्या मिसेस पेनरोजकडे? मन आहे की काय या वाऱ्याला!"

"गणित चुकलं," तो पुटपुटला.

"कसलं गणित?"

"फुगा कुठे पडेल, हे मी काढतच नाही, टेगन. मी उलटं काढतो. तुझ्या कुरणात पडायला हवा, तर सोडायचा कुठून? आज पार डोंगरापलीकडे गेलो होतो..."

वाऱ्याने फुलं हलली. मला हसू येत होतं की रडू, तेही कळेना.

"वेड्या, सरळ फाटकातून आला असतास तर?"

"काय म्हणून आलो असतो?"

त्याने मूठ उघडली. आत लाकडाची छोटीशी मेंढी, चारही पाय वाकडे.

"हा कुत्रा तू कोरलास?"

"मेंढी आहे ती... तुझ्यासाठी."

मी ती घेतली. त्याचा हातही घेतला.

"मला अजून नीट काहीच कळत नाहीये, फर्गस. पण पुढच्या शनिवारी ये. फुग्याशिवाय."

"पण... काय म्हणून?"

"माझा म्हणून."