रविवारची धुण्याची वेळ

आमच्या इमारतीत चोरी केली तर लोक एकवेळ माफ करतील, पण आपली वेळ संपल्यावरही धुण्याचं मशीन अडवून बसलं तर नाही. तळघरात सगळ्यांची मिळून एकच धुण्याची खोली, आणि भिंतीवर आठवड्याच्या वेळांचा फळा. ज्या वेळेवर आपलं नाव लिहिलेलं चिमुकलं कुलूप अडकवलं, ती वेळ आपली. रविवार दुपारच्या वेळेवर माणसं वर्षानुवर्षं टपून असतात. आणि त्या नोव्हेंबरातल्या रविवारी मी मात्र... तिथल्याच बाकावर, गरम ड्रायरला डोकं टेकून, चक्क झोपून गेले होते.

जाग आली तेव्हा समोर एक उंच तरुण मांडीवर कपड्यांची टोपली घेऊन बसला होता. साबणाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं तो उद्या परीक्षा असल्यासारखी वाचत होता.

"किती वाजले?" मी दचकून विचारलं.

"माझी वेळ सुरू होऊन आता संपतही आली."

"अरे देवा! मग उठवायचं ना!"

"उठवणार होतो... पण तू झोपेत इतक्या जोरात दात खात होतीस, की धीर झाला नाही."

"मी दात-बीत खात नाही!"

"खातेस. मी दातांचाच डॉक्टर आहे. तुझ्यासारख्यांवर तर माझं पोट चालतं."

मग त्याची नजर दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या निळ्या, मणी लावलेल्या पोशाखाकडे गेली.

"हा... तुझ्या मुलीचा?"

"माझा."

त्याने पोशाखाकडे पाहिलं. मग माझ्या उसवलेल्या स्वेटरकडे. "सर्कस?"

मला हसू फुटलं. किती दिवसांनी कुणास ठाऊक! "जवळजवळ तसंच. बर्फावरची. फिगर स्केटिंग."

"म्हणजे गोल गोल फिरायचं आणि पडायचं नाही?"

"हो. त्यातला दुसरा भाग हल्ली जमत नाही."

तो मॉन्स, तिसऱ्या मजल्यावरचा. मी माझं नाव सांगायच्या आतच म्हणाला, "तुवा. दुसरा मजला. बरेच महिने तुझ्यानंतर माझीच वेळ असते. मी येतो तेव्हा तू गेलेली असतेस, पण खोली छान गरम असते." एवढं बोलून तो पुन्हा साबणाचं खोकं वाचायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

मी त्याच सकाळी फिनलंडमधल्या स्पर्धेहून हात हलवत परतले होते. अकरावा नंबर. पाचव्या वर्षी पायात स्केट्स चढवले, आता सव्विसावं लागलं होतं, आणि सव्वीस म्हणजे आमच्यात म्हातारपणच. हॉकीची पोरं यायच्या आत बर्फ मिळावा म्हणून अंधारातली पहिली ट्राम पकडायची, दुखऱ्या कमरेला पट्टा बांधायचा आणि तीच उडी पुन्हा मारायची. थकवा असा मुरला होता की झोपूनही उतरत नव्हता. त्यात गुन्वोरने, माझ्या लहानपणापासूनच्या प्रशिक्षिकेने, इटलीतल्या डोंगरात सरावाची जागा मिळवून ठेवली होती. शेवटची एक हिवाळी धडपड, ऑलिम्पिकसाठी. डिसेंबरातली राष्ट्रीय स्पर्धा झाली की हो की नाही ते सांगायचं. जो तो म्हणत होता, जा. मला मात्र नाही म्हणायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. स्केट्स काढून दारात ठेवले, तर घरात शिरेल ती मुलगी कोण असेल? माझी तिच्याशी ओळखच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मॉन्स स्वतःच्या वेळेच्या खूप आधी खाली आला. हातात टोपली, टोपलीत दोन मोजे, आणि मोज्यांवर वेलदोड्याच्या गोड पावांची पिशवी.

"घे."

"हंगाम चालू आहे. नाही खात."

"हंगाम संपतो कधी?"

"मार्चमध्ये. मग पुढच्याची तयारी सुरू होते."

"म्हणजे असला पाव शेवटचा कधी खाल्लास?"

"बहुतेक... नववीत."

त्याने इतकं कळवळून माझ्याकडे पाहिलं, की जणू माझे सगळेच दात पडले होते. मग माझ्या वाटणीचाही पाव त्यानेच खाल्ला. दर रविवारी हेच. "माझं पोट सुटलं ना, तर ते तुझ्या नावावर," असं वर म्हणायचा.

तळमजल्यावरची रागन्हिल्ड आजी ड्रायरची जाळी कुणी साफ केली नाही हे पाहायला यायची. आम्हाला बाकावर बघून एकदा म्हणाली, "दोघांचे मिळून मोजे चार, आणि गप्पा पोतंभर!"

एकदा मी पोशाखाचे निसटलेले मणी शिवत होते. सुईत दोरा जाईना. मॉन्सने सुई घेतली, दोरा ओवला, आणि परत देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली.

"इतके गार हात?"

"बर्फावर संसार आहे ना माझा."

"मग... थोडा वेळ माहेरी आल्यासारखं समज," असं म्हणत त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ड्रायर थांबेपर्यंत सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही. बाहेर पावसात बर्फ मिसळून पडत होता, आणि मला वाटत होतं, हा ड्रायर बिघडावा आणि कधी थांबूच नये.

नाताळआधीच्या आगमनपर्वाच्या पहिल्या रविवारी, घरोघरच्या खिडक्यांत कागदी तारे लागले त्या दिवशी, मी त्याला इटलीचं सांगितलं. सांगून वाट पाहत राहिले. एकाने, या जगात फक्त एकाने म्हणावं... जाऊ नकोस.

तो टॉवेलची घडी घालत होता. ती मोडून त्याने पुन्हा घातली.

"तुझं तू ठरवायचं," तो म्हणाला. "मी कोण सांगणार?"

"खरंच की! तू कोण?" मी ओले कपडे तसेच पिशवीत कोंबले आणि वर निघून आले. जिन्यात रडू आलं, कमरेहून जास्त दुखलं.

पुढच्या रविवारी तो आलाच नाही. फळ्यावर माझ्यानंतरच्या वेळेवर त्याचं कुलूप होतं, पण खोली रिकामी. मी बाकावर बसले, पेंगले, झोपले, आपली आपण उठले. रविवारची वेळ कुणी अशी वाया घालवल्याचं आमच्या इमारतीत ऐकिवात नव्हतं. म्हणजे हा किती रागावला असेल! मला त्याची आठवण येत होती, सरळ साधी, पावाच्या वासासकट.

राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच उडीला पडले. उठले. नंतरच्या दोन नीट उतरल्या. शेवटची तिहेरी उडी आली तेव्हा लोक श्वास रोखून बसलेले दिसले, आणि माझ्या मनात आलं, पुरे. उडी मारलीच नाही. त्याऐवजी एका पायावर मोठं, लांबलचक वळण घेत गेले, लहानपणी गोठलेल्या तळ्यावर जायचे तशी. वारा गालाला लागला. ते एवढं मात्र मला अजूनही आवडतं, हे त्या क्षणी कळलं.

पाचवा नंबर. गुणांची वाट पाहायच्या बाकावरच मी म्हटलं, "गुन्वोर, मी इटलीला नाही जाणार."

थर्मासमधली कॉफी ओतत ती म्हणाली, "सुटले बाई! माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं खोळंबलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला अजून खेळायचंय असं वाटलं. तू का नाही बोललीस?"

"तुला खेळवायचंय असं वाटलं."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काय माणसं गं आपण!" ती नाक पुसत म्हणाली. "मरू, पण बोलणार नाही. आणखी कुणाशी काही बोलायचं राहिलंय का तुझं?"

राहिलं होतं.

रविवारी घरी पोचले, कपडे मशीनमध्ये टाकले. रागन्हिल्ड आजी ड्रायरची जाळी खरवडत होती. मला पाहून फणकारली, "तुझा तो दातवाला वेडा आहे! बुधवारची पहाटेची माझी वेळ मागून घेतली. म्हटलं, रविवारची आहे ना तुला? तर म्हणे, ती तुवाच्या झोपेची आहे. तिला कुणी उठवायला नको. म्हटलं, मग ती मला दे. तर नाही म्हणाला, मेला!"

मी जिने चढले. कंबर कुरकुरत होती, पण चढू दिलं तिने. मॉन्सने दार उघडलं. मागून केशराचा वास आला.

"तू रागावला होतास ना?" मी धापा टाकत विचारलं.

"मी? छे! तूच तर..." तो अडखळला. "जा म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. जाऊ नकोस म्हणायचा हक्क नव्हता. तुला झोप हवी होती. तेवढी होती माझ्याकडे द्यायला."

"मी जात नाहीये. पण तुझ्यासाठी नाही हं! दमलेय म्हणून."

"चालेल."

"आणि स्केटिंग सोडलेली तुवा कशी असते, ते मलाच ठाऊक नाही. तुला नाही आवडली तर?"

"सर्कसवाली मला भेटलीच कुठे?" त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मला भेटली ती बाकावर दात खाणारी. आणि ती मला... फार आवडते, तुवा. पहिल्या दिवसापासून."

"मलाही तू..." मी म्हटलं, आणि पुढचं त्याच्या स्वेटरमध्येच बोलले.

मग आम्ही खाली गेलो, केशर घातलेले नाताळचे पाव घेऊन. मी एक अख्खा खाल्ला, मनुकांसकट. त्याने लगेच दुसरा पुढे केला. तोही खाल्ला. ड्रायर गुरगुरत होता, त्याचा खांदा ऊबदार होता. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती ड्रायर थांबल्यामुळे.

"आज दात खाल्ले नाहीस," मॉन्स हळूच म्हणाला.

फळ्याखालच्या घड्याळाकडे पाहून सवयीने मी उठले आणि कपडे गोळा करायला लागले. माझी वेळ संपली होती.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "पुढची वेळ माझी आहे."

मी पिशवी खाली ठेवली, आणि पुन्हा त्याच्या शेजारी बसले.