बानूच्या पायावरचा भंडारा

"विळा लाल झाला की पोटावर दोन डाग. उद्या घोडी टांग्याला जुपा," व्यंकटराव म्हणाले आणि गोवऱ्या आणायला सांगून चिंचेखाली ऐसपैस बसले.

सिंधू धावत जाऊन बानूच्या गळ्याला बिलगली. बानू ही तिच्या वडिलांची, शेषेराव टांगेवाल्यांची घोडी. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर तिच्याइतकी तेज घोडी दुसरी नव्हती, पण गेल्या महिन्याभरात ती पार खंगली होती. आज तर सकाळपासून ती मान वळवून सारखी पोटाकडे बघत होती आणि मागचा पाय पोटावर मारत होती. जो येई तो म्हणे, दुष्काळ आहे, जनावर वाळणारच. सिंधूला ते काही केल्या पटत नव्हतं. बानूला कडबा आणि भरडा ती स्वतःच्या हाताने घालायची. बानू खात होती आणि तरी वाळत होती, म्हणजे यात काहीतरी गोम होती.

व्यंकटरावांचाही टांगा होता आणि जनावरांतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इलाज मात्र त्यांच्याकडे एकच, तापलेला विळा! जनावरांचे डॉक्टर मीटिंगसाठी लातूरला गेले होते. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं, गावातल्या निम्म्या पाट्यांवर अजून उस्मानाबादच होतं, आणि साहेब लोक उठसूट लातूरला पळत होते. सिंधूची मैत्रीण पंचशीला हिचे वडील त्याच जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. तेही डॉक्टरांबरोबर गेले होते आणि दोघं तीनच्या गाडीने परतणार होते. आता कुठे दीड वाजत होता.

सिंधूने वडिलांना तीनपर्यंत थांबायची विनवणी केली.

"मेल्यावर डाग द्यायचा का?" शेषेराव म्हणाले. ते बानूची आयाळ घट्ट धरून उभे होते. सिंधूने वडिलांना असं कधी पाहिलं नव्हतं.

गोवऱ्या आणायचं काम विरूपाक्षकडे आलं. हा शेजारच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, अंगाने गोल आणि डोक्याने तल्लख. दुष्काळामुळे त्याची आई भांडी धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत साठवून ठेवायची. पठ्ठ्याने गोवऱ्या त्या बादलीत बुचकळल्या आणि मग आणून दिल्या. धुराचा लोट उठला. व्यंकटराव खोकून खोकून बेजार झाले.

"ओल्या कशा रे ह्या?"

"काय की काका, घरात अशाच होत्या," विरूपाक्ष साळसूदपणे म्हणाला.

तेवढ्यात इकडे सिंधूच्या सोबतीला आलेली पंचशीला बानूच्या पुढच्या पायांशी वाकली होती. पायांच्या आतल्या बाजूला, केसांवर पिवळे ठिपके होते. तिने बोट पुढे केलं तोच शेषेराव ओरडले, "हात नको लावू! खंडोबाचा भंडारा हाय तो."

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या जत्रेतल्या घोडेबाजारातून बानूला आणलं, तेव्हा शेषेरावांनीच तिच्यावर मूठभर भंडारा उधळला होता. सिंधूलाही त्या जत्रेला जायचं होतं, पण घोडी निवडायला पोरींचं काय काम, म्हणून तिला घरीच ठेवलं होतं. त्यात टँकरच्या पाण्याने घोडी कोण धुणार? पाय तसेच राहिले आणि देवाचा प्रसाद म्हणून कुणी ते पुसलेही नाहीत.

पंचशीला सिंधूच्या कानाशी लागली. भंडारा वरून उधळतात, मग पाठीवर एक कणही नाही आणि पायांच्या आत एवढा कसा? आणि पाच महिन्यांत तो उडाला कसा नाही? सिंधू चपापली. भंडारा उडाला तर नव्हताच, उलट वाढला होता! मधमाशीसारखी एक माशी रोज दुपारी बानूच्या पायांभोवती घोंघावायची आणि बानू पाय आपटायची, हेही तिला आठवलं.

विरूपाक्षने घरी धूम ठोकली आणि अज्जाचं, म्हणजे आजोबांचं, पोथी वाचायचं भिंग पळवून आणलं. भिंगातून पाहिलं तर ती पूड नव्हतीच. एकेका केसाला एकेक लांबट दाणा घट्ट चिकटला होता. सिंधूने कात्रीने चार केस कापले आणि मुठीत धरले.

पण गोवऱ्या एव्हाना सुकून पेटल्या होत्या. विळा लाल झाला होता. व्यंकटराव तो फडक्यात धरून उठले. सिंधू धावली आणि बानूच्या पोटाला पाठ लावून उभी राहिली. केस धरलेली तिची मूठ घामाने चिंब झाली होती. शेषेरावांनी तिचं मनगट धरून तिला ओढलं. मूठ उघडली, आणि तळहाताकडे बघून सिंधू किंचाळली.

तळहातावर काहीतरी हलत होतं. पंचशीलाने भिंग शेषेरावांच्या हातात दिलं. दोन दाण्यांची टोकं उघडली होती आणि त्यांतून केसाहून बारीक अळ्या बाहेर येत होत्या.

"काका, भंडारा वळवळतो का?" पंचशीलाने विचारलं.

शेषेराव कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, "विळा खाली ठेवा, व्यंकटराव."

तो तास सरता सरत नव्हता. बानू दोनदा खाली बसली आणि दोन्ही वेळा सिंधूने तिला उठवलं. तीनची गाडी आली सव्वातीनला. विरूपाक्षने डॉक्टरांना स्टँडवरूनच धरून आणलं. त्यांनी आधी सिंधूला साबणाने हात धुवायला लावले, मग बानूला तपासलं. मग त्यांनी समजावलं, ती माशी केसांवर अंडी घालते. घोडी पाय चाटते, तेव्हा ऊब आणि ओल मिळून अंडी फुटतात आणि अळ्या तोंडावाटे पोटात जाऊन आतून चिकटतात. सिंधूच्या मुठीत तेच झालं होतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून बानूला औषध पाजलं आणि पायांवरची अंडी बोथट सुरीने रोज खरवडायला सांगितलं. डाग दिला असता तर घोडी जखमी झाली असती आणि किडे आत मजेत राहिले असते, हे त्यांनी व्यंकटरावांकडे बघून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बानूच्या लिदीत बोटाच्या पेराएवढ्या लालसर अळ्या पडल्या. विरूपाक्षने त्या मोजायला घेतल्या आणि दुपारी जेवलाच नाही. चौथ्या दिवशी बानू भरड्यासाठी खिंकाळली. व्यंकटराव गुपचूप येऊन सिंधूला म्हणाले, "आमच्या घोड्याचेबी पाय बघतीस का जरा?"

संध्याकाळी शेषेरावांनी देव्हाऱ्यातला भंडारा बानूच्या कपाळाला लावला आणि बोथट सुरी सिंधूच्या हातात दिली. तिघांकडे बघत ते म्हणाले, "पोरांनो, तुमच्यामुळं घोडी वाचली." मग सिंधूला म्हणाले, "मार्गशीर्षात माळेगावला तू संगं यायचं. घोड्याचे पाय तू बघायचे, मंगच मी सौद्याला हात लावीन."